भोंगाताईचं जागेपणीचं ऑपरेशन

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बसस्टँडच्या भोंग्यातून नेहमीचा खणखणीत आवाज आला, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. बंदरमार्गे जाणारी जलद गाडी पलंग क्रमांक चारवर लागत आहे."

आधी हमाल हसले, मग ड्रायव्हर हसले, मग पेपरात डोकं घालून बसलेले प्रवासी मान वर करून एकमेकांकडे बघायला लागले. काचेच्या खोलीत माइकपुढे बसलेल्या बाईला मात्र कोण कशाला हसतंय तेच कळेना. तिच्या मते ती 'फलाट'च म्हणाली होती. नियमाप्रमाणे तिने घोषणा दुसऱ्यांदा केली, आणि दुसऱ्यांदाही गाडी पलंगावरच लागली.

पगारपत्रकावर तिचं एक चांगलंसं नाव होतं, पण स्टँडवर ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे ती भोंगाताई. तेवीस वर्षं त्या खोलीत बसून तिने गाड्या लावल्या होत्या, गाड्या सोडल्या होत्या, हरवलेली पोरं आयांच्या हवाली केली होती, आणि एकदा तर बाकावर विसरलेल्या कवळीचा मालक भर गर्दीत शोधून काढला होता. आवाज असा की पावसाची सर पत्र्यावर कोसळत असतानाही एकेक अक्षर सुटं ऐकू यावं.

घरीही बोलायचं काम तिचंच. नवरा त्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री होता आणि सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. इंजिनाच्या पोटात दिवसभर कान लावून बसणारा माणूस, घरी आल्यावरही कानानेच जगायचा. ताई बोलायची, तो ऐकायचा, आणि संसार छान चालला होता. ताईची तक्रार एकच. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेच्या वेळी कुणीतरी उभं राहून मोठ्याने प्रार्थना करायची असली की ताई पहिली उठायची. तिची प्रार्थना पाळकसाहेबांच्या उपदेशापेक्षा लांब असते आणि तोवर घरची भाजी करपते, अशी मंडळीतल्या बायकांची थट्टा होती. मिस्त्री मात्र पंचवीस वर्षांत एकदाही मोठ्याने प्रार्थना करायला उठला नव्हता. ती म्हणायची, अहो, देव काय तुमच्या मनात कान घालून बसलाय का, तोंड उघडा की जरा. तो नुसता हसायचा.

पलंगाची गोष्ट दोन दिवस स्टँडवर गाजली. ताईही हसली, पण हसता हसता मधेच थांबली. कारण तिला आठवलं, परवा तिने चमचा मागताना चष्मा म्हटलं होतं, आणि मिस्त्रीने काही न बोलता चमचाच पुढे केला होता. त्याला तिचं मन कळायचं, म्हणून शब्द चुकलेला कुणाच्या लक्षातच येत नव्हता. लक्षात आलं ते लेकीच्या. लेक रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि रविवारी जेवायला यायची. ताई तिला म्हणाली, "तो पंखा आण गं, हात पुसायचेत." लेकीने टॉवेल आणून दिला, पण ती आईच्या तोंडाकडे बघतच राहिली.

तिने डॉक्टरांचं नाव काढलं. ताईने झोप कमी झाल्याचं कारण पुढे केलं, मग वयाचं, मग म्हणाली मी प्रार्थना करतेय, देव बघून घेईल. लेक म्हणाली, प्रार्थना कर, पण डोक्याचं स्कॅनही कर, दोन्ही एका दिवशी करता येतं. ताईने विषय बदलला.

पण ज्या गोष्टीला आपण दार लावतो ती खिडकीतून येते. त्याच गुरुवारी माइक चालू असताना ताईचा उजवा हात आपोआप उडायला लागला, तोंड वाकडं झालं आणि ती खुर्चीवरून खाली गेली. सगळ्या स्टँडला भोंग्यातून खुर्ची पडल्याचा आवाज ऐकू आला आणि मग काहीच नाही. कंट्रोलरसाहेब धावले. कुणीतरी वर्कशॉपमध्ये निरोप दिला. मिस्त्री हाताला ग्रीस तसंच घेऊन पळत आला, आणि ताईने डोळे उघडले तेव्हा तिच्या पांढऱ्या बाहीवर त्याची पाच काळी बोटं उमटलेली होती.

स्कॅनमध्ये डाव्या बाजूला गाठ दिसली, लिंबाएवढी. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनबाईंनी चित्र पडद्यावर लावून सगळं उलगडून सांगितलं. गाठ बहुधा हळू वाढणारी आहे, ही चांगली गोष्ट. ती बोलण्याच्या जागेला चिकटून बसलीय, ही वाईट गोष्ट. पूर्ण भूल देऊन काढायला गेलं तर कुठवर कापायचं ते कळत नाही. कमी काढलं तर गाठ राहते, जास्त काढलं तर वाचा जाते. म्हणून दुसरा एक मार्ग होता. डोकं उघडून झाल्यावर पेशंटला जागं करायचं, त्याला बोलतं ठेवायचं, आणि बोलणं ऐकत ऐकत गाठ काढायची. मेंदूला स्वतःला दुखत नाही, त्या म्हणाल्या. कातडीला दुखतं, ती आम्ही बधिर करू.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने मिस्त्रीकडे बघितलं, तर त्याच्याही चेहऱ्यावर रंग नव्हता.

ठरवायला आठवडा दिला होता. हा आठवडा ताईने आयुष्यात कधी विसरू नये असा गेला. दिवसभर माणसांत असेपर्यंत ती ठीक असायची. एकटी पडली की भीती यायची. ती प्रार्थनेला बसायची, पण शब्द निसटायचे. 'प्रभू, मला बरं कर' म्हणायला जावं तर 'बरणी' यायचं. तेवीस वर्षं जिच्या जिभेवर सगळं स्टँड चालायचं तिला देवापुढे दोन वाक्यं धड बोलता येईनात. मरणाची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती, जी तिने कुणाला सांगितली नाही, ती अशी की आपली वाचा गेली तर आपण देवाला हाक मारणार कशी.

शेवटी ती पाळकसाहेबांना सांगून बसली. ते संध्याकाळी घरी आले होते, सायकल दाराला टेकवून. सत्तरी ओलांडलेला, बारीक अंगाचा माणूस. ताईला वाटलं होतं ते म्हणतील, विश्वास ठेव, तू खडखडीत बरी होशील. ते तसं काही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, मला माहीत नाही. त्यांची बायको आजारी होती तेव्हा सगळ्या मंडळीने गुडघे टेकले होते, खुद्द ताईनेही, आणि तरी ती गेली. हे ताईला ठाऊक होतं, पण पाळकसाहेबांच्या तोंडून तिने ते कधी ऐकलं नव्हतं.

"मग तुम्ही रागावला नाहीत?" तिने विचारलं.

"रागावलो. चार महिने रागावलो. पण रागावून जायचं कुठे? भांडायलाही त्याच्याचकडे जावं लागलं." त्यांना त्याचंच हसू आलं. "आणि तुझ्या वाचेचं म्हणशील, तर तान्हं मूल काय वाक्य जुळवून भूक सांगतं? आईला कळतं ना. मग ज्याने आईला कळायला शिकवलं, त्याला कळणार नाही?"

पाळकसाहेब गेल्यावर ताई बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली. भीती गेली नव्हती. पण भीतीच्या खाली पायाला काहीतरी टणक लागलं, विहिरीत उतरताना पायरी लागावी तसं. आत येऊन तिने मिस्त्रीला सांगितलं, मी जागी राहणार. आणि मग, तिचं तिलाच नवल वाटलं, तिला एकदम हुरूप आला. जे होणार ते आपल्या डोळ्यांदेखत होणार, आपण त्यात हजर असणार. दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीला, दूधवाल्याला आणि कंट्रोलरसाहेबांना, ज्याला त्याला सांगितलं की माझं डोकं उघडणार आणि मी गप्पा मारणार. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. ताई मात्र लग्नघरातल्या करवलीसारखी फिरत होती. लेक म्हणाली, आई, हे ऑपरेशन आहे, सहल नाही. पण आईला हसताना बघून तिचाही जीव थोडा हलका झाला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मिस्त्रीने स्ट्रेचरचा दांडा धरला तो दरवाज्यापर्यंत सोडला नाही. आत ताईला थोडी गुंगी दिली, डोक्याची डावी बाजू भादरली, बधिर केली, आणि मधला काही वेळ तिच्या आठवणीतून कोरा गेला.

मग कुणीतरी हाक मारली. तिने डोळे उघडले. ती कुशीवर होती, डोकं पक्कं धरून ठेवलेलं, समोर पारदर्शक प्लास्टिकचा पडदा, आणि पडद्यापलीकडे स्टुलावर बसलेली एक तरुण मुलगी. वाचेची तपासणी करणं हेच तिचं काम होतं. तिच्या हातात टॅब्लेट, त्यावर चित्रं. डोक्याच्या मागून सर्जनबाईंचा आवाज आला, "ताई, बरं वाटतंय ना? दुखतंय का?"

"दुखत नाही," ताई म्हणाली. "पण नाकाला खाज सुटलीय." वाचेवाल्या मुलीने हात घालून नाक खाजवलं आणि ऑपरेशन सुरू झालं.

घोडा. किल्ली. छत्री. शिडी. चित्र आलं की ताई नाव सांगायची. मागून सर्जनबाई मेंदूवर एकेका ठिकाणी अगदी बारीक करंट लावत होत्या. जिथे लावल्यावर शब्द अडेल ती जागा बोलण्याची, तिला हात लावायचा नाही. ताईला करंट कळत नव्हता. तिला फक्त चित्रं दिसत होती, आणि ती परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी भराभर उत्तरं देत होती. चित्रं संपली तेव्हा सर्जनबाई म्हणाल्या, आता काहीही बोला, पण थांबू नका, मला आवाज हवाय.

असं तिला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. लोक तिला आवर म्हणायचे. ताईने घसा साफ केला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. डोंगरमार्गे जाणारी साधी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. वाहक-चालकांनी ताबडतोब गाडीचा ताबा घ्यावा. काळी छत्री आणि हिरवा डबा विसरलेल्या प्रवाशाने चौकशी खिडकीजवळ यावे."

हिरव्या मास्कमागे हसू फुटलं. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, माझी गाडी कुठे लागलीय ते पण सांगा. ताईने त्यांची गाडी अर्धा तास उशिराने धावत असल्याचं जाहीर केलं. तिचं काळीज जोरजोरात उडत होतं, पण ते भीतीने की उत्साहाने हे तिला सांगता आलं नसतं. तिने विचारलं, मी प्रार्थना केली तर चालेल का. सर्जनबाई म्हणाल्या, कुठलेही शब्द चालतील. मग ताईने तिथेच, उघड्या डोक्याने, प्रार्थना केली. प्रभू येशू, या बाईंच्या हाताला थरथर येऊ देऊ नकोस. या मुलीला कंटाळा येऊ देऊ नकोस. बाहेर मिस्त्री बसलाय, त्याने सकाळपासून चहा घेतला नसेल, त्याला चहा घ्यायची बुद्धी दे. आणि मला—

आणि तिथे शब्द गेला.

जिभेच्या टोकावर येऊन अडतो तसा नव्हे. शब्दाची जागाच रिकामी झाली. तोंड उघडं, श्वास चालू, समोर मुलगी दिसतेय, पुढे काय म्हणायचं ते मनात लख्ख आहे, आणि बाहेर काहीच येत नाही. दोन सेकंद गेले असतील, तीन गेले असतील.  तिने शब्दाविनाच हाक मारली. आणि तिला जाणवलं, हे तिने नंतर शपथेवर सांगितलं, की ती त्या रिकाम्या जागेत एकटी नाहीये. दिसलं काही नाही, ऐकू आलं काही नाही. अंधाऱ्या खोलीत आपलं माणूस बसलेलं असलं की जसं कळतं, तसं फक्त कळलं.

"इथे," सर्जनबाई म्हणाल्या. "इथे खूण करा. या जागेला हात लावायचा नाही."

करंट निघाला, आणि राहिलेलं वाक्य आपोआप बाहेर आलं, "धीर दे."

पुढचे दोन तास अटीतटीचे गेले. ताई बोलत होती, सर्जनबाई काढत होत्या. कापणं त्या खुणेपासून दोराएवढ्या अंतरावर येऊन ठेपलं. मुलीने किल्लीचं चित्र दाखवलं. ताई म्हणाली, "दार... दाराचं ते..." मुलीने मान वर करून सर्जनबाईंकडे बघितलं. पुन्हा दाखवलं. "दाराचं," ताई म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बास," सर्जनबाई म्हणाल्या. "थोडी राहिलीय, राहू दे. जास्त लोभ केला तर ताईंचा आवाज जाईल."

बाहेर मिस्त्रीला सांगण्यात आलं की सगळं चांगलं झालं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने डोळे उघडले, नवऱ्याला बघितलं, तोंड उघडलं, आणि आवाज आला तो नुसता 'अ'. तिला सगळं समजत होतं. नर्स काय म्हणते, लेक काय म्हणते, सगळं. परत द्यायला मात्र तिच्याकडे एकही शब्द नव्हता. सर्जनबाईंनी समजावलं की आत सूज आहे, सूज उतरली की शब्द येतील, बहुतेक येतील. त्या 'बहुतेक'वर ताईचं मन जाऊन आपटलं.

दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. मंडळीतल्या बायका भेटायला आल्या, त्यांच्याकडेही तिने पाठच केली. मनात ती देवाशी भांडत होती. मी त्या टेबलावर तुझा भरवसा धरला, आणि तू मला हे दिलंस. वाचेवाली मुलगी रोज येऊन चित्रं दाखवायची. ताई डोळे मिटून घ्यायची.

चौथ्या दिवशी दुपारी वॉर्डात झोपाझोप होती. मिस्त्री स्टुलावर बसला होता, टोपी गुडघ्यावर. बराच वेळ तो टोपी फिरवत राहिला. मग उभा राहिला, ताईचा हात हातात घेतला, आणि डोळे मिटून मोठ्याने बोलायला लागला. पलीकडच्या खाटेवरची म्हातारीसुद्धा उठून बसली.

"देवबापा," तो म्हणाला. "मला बोलता येत नाही. घरात बोलायचं खातं हिचं आहे. पण हिचं बंद आहे म्हणून मी आलोय. मशीन तू बनवलंस. कुठली वायर कुठे जाते ते तुला माहीत. आम्ही घाई करणार नाही. पण तू हिला सोडू नकोस. मी पण सोडत नाही. येशूच्या नावाने मागतो. आमेन."

ताईने मान वळवली. पंचवीस वर्षं जे ऐकायला तिने नवऱ्याचा जीव खाल्ला, ते असं, वॉर्डात, औषधांच्या वासात ऐकायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. ती रडली, ओठ दाबून नव्हे, मोकळी रडली. आणि रडून झाल्यावर तिने वाचेवाल्या मुलीचा टॅब्लेट असायचा त्या टेबलाकडे बोट दाखवलं. आणा म्हणाली. म्हणजे म्हणाली नाही, पण मिस्त्रीला कळलं.

त्या दिवसापासून ती कामाला लागली. सकाळी पन्नास चित्रं, दुपारी पन्नास. ओठांचे आकार आरशात बघायचे, मुलीच्या गळ्याला हात लावून कंप ओळखायचा. सातव्या दिवशी घामाने भिजेपर्यंत झगडून 'म' आणि 'प' आले. मंडळीत सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की ताईचा पहिला शब्द 'येशू' असणार, निदान 'आमेन' तरी. पाळकसाहेबसुद्धा रोज आशेने यायचे.

नवव्या दिवशी नर्सने सूप भरवलं. ताईने दुसरा चमचा तोंडात घेतला, तोंड वाकडं केलं, आणि स्वच्छ म्हणाली, "अळणी."

नर्सच्या हातातला चमचा तसाच राहिला. ताईने स्वतःचं तोंड हाताने चाचपलं, जणू ते दुसऱ्याचं असावं. मग पुन्हा म्हणाली, "अळणी. अळणी आहे." मिस्त्री खुर्ची पाडून उठला आणि लांबच लांब व्हरांड्यातून पळत सुटला. डॉक्टरांच्या खोलीचं दार न वाजवता उघडून तो म्हणाला, "अळणी म्हणाली." तिथे बसलेल्या चार डॉक्टरांपैकी तिघांना काही कळलं नाही. सर्जनबाई हातातलं पेन टाकून त्याच्यामागे धावल्या. लेकीला लॅबमध्ये फोन गेला, पाळकसाहेबांना गेला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टँडवर एकाच शब्दाचा गजर होता.

शब्द मग येतच राहिले, आधी थेंब थेंब, मग धारेने. सगळे आले नाहीत. अजूनही दमली की ताई एखाद्या शब्दापाशी थांबते, त्याच्याभोवती फिरून दुसऱ्या वाटेने पुढे जाते. राहिलेला गाठीचा तुकडा आत आहे. दर सहा महिन्यांनी स्कॅन असतं, आणि त्याआधीचा आठवडा तिला जेवण गोड लागत नाही. फिट येऊ नये म्हणून गोळ्या आहेत. चार वेळा स्कॅन झालं, चारही वेळा तुकडा होता तेवढाच आहे.

ती दर बुधवारी दुपारी त्याच वॉर्डात जाते. सर्जनबाईंनीच सुचवलं. ज्यांचं असं जागेपणीचं ऑपरेशन व्हायचंय त्यांच्याजवळ बसायचं. मागच्या बुधवारी एक ट्रकड्रायव्हर होता, दाराएवढा माणूस, आणि हात असे थंड की धरवेनात. त्याने विचारलं, खरंच जागं ठेवतात का. ताईने सुरुवातीपासून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, ते मुके नऊ दिवससुद्धा. सांगायला तिला तासभर लागला.

तो म्हणाला, "तुमचा देवावर विश्वास आहे, म्हणून तुम्ही घाबरला नाहीत. माझं तसं नाही."

"कोण म्हणालं घाबरले नाही?" ताई म्हणाली. "घाबरत घाबरतच गेले. भीती घरी ठेवून ये, मगच हात धरतो, अशी अट त्याने मला घातली नव्हती. तुम्हालाही घालणार नाही." तिने विचारलं, मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का. त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने मान हलवली, मग त्यानेही हलवली. ताईची प्रार्थना या खेपेला छोटी झाली, कारण मधे एक शब्द सापडला नाही आणि तिने तो सोडून दिला.

ड्रायव्हरने डोळे उघडले.  मग हळूच, बायकोला ऐकू जाऊ नये अशा बेताने त्याने विचारलं, "ताई, ते नाकाला खाज सुटते म्हणालात, ती सगळ्यांनाच सुटते का?"